“अजून काही टाकू का?” : बिलाच्या काउंटरवरून हवं तेवढंच घेऊन बाहेर पडण्यासाठी

वस्तू निवडून झाली, रांगेत उभं राहून झालं, कार्ड हातात आलं, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. वॉरंटी वाढवायची का? मेंबरशिप आहे का? नसेल तर करून टाकू? मोबाइल नंबर सांगा. सोबत कव्हर देऊ का? बिलाची रक्कम राउंड करून उरलेले पैसे दान करायचे का? पैसे द्यायला आलेल्या माणसाचीच उलटतपासणी चाललेली असते. मुरलेले खरेदीदार हे सगळं कानाआड करतात. पण जे पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईतून मोठं काही घेत आहेत, किंवा आजवर घरातलं दुसरं कोणी खरेदी बघत होतं म्हणून काउंटरवर कधी उभेच राहिले नाहीत, त्यांची इथे हमखास त्रेधा उडते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: “नको” म्हणा आणि का नको ते सांगू नका. असं का, ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या : प्रश्न तिथेच का येतो

दुकानात शिरताना आपण सावध असतो. किमती पाहतो, दोन मॉडेलं ताडून बघतो. काउंटरवर पोहोचेपर्यंत ती सावधगिरी संपलेली असते. निर्णय झालेला असतो, पाकीट उघडलेलं असतं, आणि मागे उभी असलेली चार माणसं आपल्याकडेच बघताहेत असं वाटत असतं. अशा वेळी “हो” म्हणणं हा सुटकेचा सगळ्यात जवळचा रस्ता वाटतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

दुसरं कारण आकड्यांचं आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर आणि १२५ डॉलरचं जॅकेट घ्यायला निघाला आहात. वीस मिनिटांच्या अंतरावरच्या शाखेत तोच कॅल्क्युलेटर १० डॉलरला मिळतोय, तर जाल का? ६८ टक्के लोक जायला तयार होते. दुसऱ्या गटासाठी किमतींची अदलाबदल केली: कॅल्क्युलेटर १२५ चा, तिकडच्या शाखेत १२० ला. वाचणार होते तेच ५ डॉलर, पण जायला तयार झाले फक्त २९ टक्के. मोठ्या रकमेशेजारी छोटी रक्कम आपल्याला दिसतच नाही. म्हणूनच महागडा लॅपटॉप घेणाऱ्याला त्याची बॅग, माउस आणि स्क्रीन पुसायचा स्प्रे त्याच दमात विकता येतो. एरवी हाच माणूस त्या स्प्रेची किंमत बघून हसला असता.

आणि तिसरं, खरं तर सगळ्यात महत्त्वाचं: मुख्य वस्तूवर दुकानाला बऱ्याचदा फारसं सुटत नाही, कारण तिची किंमत ग्राहक दहा ठिकाणी पडताळू शकतो. केबल, कव्हर, वॉरंटी यांची किंमत कोणी पडताळत नाही. कमाई तिथे असते.

पायरी १ : घरून निघतानाच ठरवा

काउंटरवर विचार करायचा नाही. विचार घरी करायचा, काउंटरवर फक्त ठरलेलं बोलायचं. कागदावर किंवा फोनमध्ये दोन ओळी पुरतात: काय घ्यायचंय, आणि सोबतचं काय लागणार आहे. बॉक्समध्ये केबल येते का, चार्जर येतो का, शाई किंवा बॅटरी येते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. नसेल येत आणि लागणार असेल, तर ती वस्तूही आधीच यादीत टाका आणि तिचीही किंमत चार ठिकाणी बघून ठेवा. म्हणजे “सर, याच्यात केबल येत नाही हं” या वाक्याने दचकायला होत नाही.

आता वाढीव वॉरंटी. हिच्यावर जरा थांबू, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त पैसा इथे जातो.

यंत्रं बिघडण्याचा एक ठरावीक आलेख असतो. अभियंते त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण कारखान्यातले दोष तेव्हा उघडे पडतात. मग मधला बराच काळ बिघाड कमी. शेवटी झीज होऊन पुन्हा जास्त. आता या टबावर वॉरंट्या मांडून बघा. सुरुवातीचा चढ कंपनीच्या मूळ वॉरंटीत येतो, म्हणजे तो फुकट मिळालेला आहे. शेवटचा चढ बऱ्याचदा वाढीव वॉरंटी संपल्यानंतर येतो. तुम्ही जादा पैसे देऊन विकत घेता तो टबाचा तळ, जिथे वस्तू सहसा बिघडतच नाही.

हिशोबही करून बघता येतो. समजा वाढीव वॉरंटी वस्तूच्या किमतीच्या १५ टक्के आहे, आणि बिघडलीच तर दुरुस्तीला निम्मी किंमत लागेल. मग ही वॉरंटी बरोबरीत यायला त्या काळात वस्तू बिघडण्याची शक्यता किती हवी? १५ भागिले ५०, म्हणजे ३० टक्के. शंभरातल्या तीस वस्तू त्या मधल्या काळात बिघडत असतील, तर पैसे फिटले. पण शंभरातल्या तीस बिघडणारी वस्तू असेल, तर वॉरंटी घेण्याऐवजी ती वस्तूच घेऊ नये हे बरं.

शिवाय एवढं तपासा: मूळ वॉरंटी किती महिन्यांची, कार्डवर घेतल्यास बँक काही संरक्षण देते का, आणि तुमच्या देशाचा कायदा काय सांगतो. युरोपीय संघात नव्या वस्तूवर विक्रेत्याने किमान दोन वर्षांची हमी द्यायची, असा कायदाच आहे. तिथे पहिल्या दोन वर्षांसाठी “वॉरंटी” विकत घेणारा हातात आधीच असलेला हक्क पुन्हा पैसे मोजून घेत असतो.

पायरी २ : प्रश्नाची ठेवण ओळखा

काउंटरवरचे प्रश्न सहज सुचलेले नसतात. ते शिकवलेले असतात. काही साचे सतत भेटतात.

“वॉरंटी दोन वर्षांची टाकू की तीन?” यात नको म्हणायला जागाच ठेवलेली नाही. ती तुम्ही काढायची: “कुठलीच नको.”

“सगळेच घेतात हो.” घेऊ देत.

“ही ऑफर फक्त आत्ता, नंतर मिळणार नाही.” हे जवळजवळ कधीच वस्तूच्या स्वभावातून आलेलं नसतं; नियम दुकानाने केलेला असतो. ब्रिटनमध्ये घरगुती विद्युत उपकरणांवरच्या वाढीव वॉरंट्यांची स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि त्यातून २००५ मध्ये आदेश निघाला. त्यानुसार दुकानाने सांगितलेला वॉरंटीचा भाव ३० दिवस तसाच ठेवावा लागतो, म्हणजे ग्राहक घरी जाऊन विचार करू शकतो. तिथली दुकानं त्यामुळे बुडाली नाहीत.

“फुकट आहे, फक्त इथे सही करा.” फुकट महिना संपला की पैसे कापले जातात, हे सहीखालच्या बारीक अक्षरात असतं.

आणि सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा: “नंबर सांगा.” हा प्रश्न म्हणून विचारलाच जात नाही, सोपस्कार असल्यासारखा येतो. आपणही दहा आकडे घडाघडा बोलून मोकळे होतो, तेही मागच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात. “नंबराशिवाय बिल करा” एवढं म्हटलं तर बहुतेक वेळा बिल होतं. नंबर नाकारण्याचा आणखी एक फायदा आहे. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. कॅलिफोर्नियातल्या काही घरमालकांना अंगणात “गाडी जपून चालवा” असा मोठा बेढब फलक लावू देण्याची विनंती केली, तेव्हा सुमारे १७ टक्के तयार झाले. ज्यांनी काही दिवस आधी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के मोठ्या फलकालाही हो म्हणाले. छोटा होकार मोठ्या होकाराची वाट मोकळी करतो. काउंटरवर नंबर हा तो छोटा होकार असतो. मेंबरशिप त्याच्या मागोमाग येते.

पायरी ३ : नको म्हणा, कारण देऊ नका

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याला नुसतं “नको” म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून आपण त्याला शेपूट जोडतो, आणि ते शेपूट समोरच्याच्या हातात जातं. कारण दिलंत की त्यावरचं उत्तर तयार असतं.

तुम्ही म्हणता, “आत्ता तेवढे पैसे नाहीत.” उत्तर येतं, “हप्त्यात टाकतो ना, कळणारही नाही.” तुम्ही म्हणता, “घरी विचारून सांगतो.” उत्तर: “फोन लावा ना, मी थांबतो.” तुम्ही म्हणता, “मी वस्तू जपून वापरतो.” उत्तर: “तुम्ही जपाल हो, घरात लहान मुलं असतील ना?” तुम्ही म्हणता, “कार्डं आधीच खूप झालीत.” उत्तर: “हे कार्ड नाहीच सर, ॲप आहे.”

कारण खरं असो वा खोटं, गत तीच. आता कारणाशिवायचं संभाषण बघा.

“मॅडम, याच्यावर प्रोटेक्शन प्लॅन टाकून देऊ?”

“नको.”

“अहो, पण याचा डिस्प्ले फार नाजूक असतो. गेला तर निम्म्या किमतीचा खर्च आहे.”

“नको. बिल करा.”

“बघा हं, नंतर घेता येणार नाही.”

“चालेल.”

संपलं. यात आवाज चढवलेला नाही, कोणाचा अपमान नाही. दहा मिनिटांपूर्वी हाच डिस्प्ले किती मजबूत आहे ते सांगणारा माणूस आता तो नाजूक म्हणतोय, ही गंमत तुमच्या लक्षात येईल आणि बोलून दाखवायचा मोहही होईल. मोह आवरा. वाद सुरू झाला की तुम्ही पुन्हा ऐकून घेणारे झालात.

एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारायचा, तोच सूर ठेवून. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्याला एकदा नव्हे, दोनदा-तीनदा विचारायला सांगितलेलं असतं, त्यामुळे पहिल्या नकाराने तो थांबला नाही तर राग मानू नका. त्याचे वार संपेपर्यंत “नको” पुरवा. भिडस्त स्वभावाच्या माणसांनी हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघावं, हसू आलं तरी. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात ते काउंटरवर शब्दशः खरं ठरतं.

एक युक्ती मात्र टाळा: “पुढच्या वेळी नक्की.” ती खोटी माया पुढच्या वेळी अंगाशी येते.

पायरी ४ : यंत्राच्या पडद्याकडे बघा

हल्ली अर्धे प्रश्न माणूस विचारतच नाही. कार्डचं यंत्र तुमच्याकडे वळवलं जातं आणि पडदा विचारतो. हिरवं, रुंद, ठसठशीत बटण “हो”चं असतं. “नको” खाली, करड्या रंगात, बारीक अक्षरात, कधी कधी बटणासारखं न दिसता नुसत्या ओळीसारखं. बोट सवयीने हिरव्यावर जातं, कारण आजवर हिरवं म्हणजे “व्यवहार पूर्ण करा.” कार्ड लावण्याआधी वरची रक्कम वाचा. ती आधी सांगितलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल तर थांबा, विचारा.

दानाचा प्रश्नही याच पडद्यावर येतो, आणि तिथे नाही म्हणताना सगळ्यात जास्त अपराधी वाटतं. वाटून घेऊ नका. दान करायचं असेल तर संस्था स्वतः निवडा, तिचं काम बघा, स्वतःच्या नावाची पावती घ्या. रांगेत उभं राहून, कार्ड हातात धरून, अर्ध्या सेकंदात करायची ही गोष्ट नाही. काउंटरवर दिलंत तरी हरकत नाही, पण मग द्यायचं होतं म्हणून द्या, पडद्याला लाजून नको.

पायरी ५ : पावती काउंटरवरच वाचा

दाराबाहेर जाऊन नव्हे, काउंटर सोडण्याआधी. बाजूला सरका, मागच्याला जागा द्या, आणि वरपासून खालपर्यंत ओळी मोजा. हातात तीन वस्तू असतील आणि पावतीवर चार ओळी असतील, तर चौथी कशाची ते विचारा. वाढीव ओळी बऱ्याचदा अशा संक्षेपात छापलेल्या असतात की वस्तू कोणती तेच कळू नये. “ही ओळ कशाची?” एवढं विचारणं तुमचा हक्क आहे. तिथल्या तिथे काढून घेणं पाच मिनिटांचं काम असतं. तेच दुसऱ्या दिवशी करायला गेलात की मॅनेजर रजेवर असतो.

पायरी ६ : कधी हो म्हणावं

नन्नाचा पाडा हेही शहाणपण नव्हे. वस्तू बिघडली तर तुमचं काम अडणार असेल आणि योजनेत बदली यंत्र मिळत असेल, तर तिचा विचार करावा. हातातून फोन पडण्याचा तुमचा लौकिक असेल, तर अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळी गोष्ट आहे. साधी वॉरंटी पडलेल्या फोनला हात लावत नाही. मात्र आधी विचारा: दावा करताना स्वतःचे किती भरायचे, दुरुस्ती कोण करणार, आणि वर्षात किती वेळा. ही तीन उत्तरं विकणाऱ्याला येत नसतील, तर योजना घेऊ नका. केबल खरंच लागणार असेल तर घ्या, आणि विषय संपवा.

दुकानाच्या क्रेडिट कार्डाबद्दल माझं मत कडक आहे. आजच्या खरेदीवरच्या सवलतीसाठी काउंटरवर उभं राहून कर्जाच्या अर्जावर सही करू नये. कर्जाला चिकटवून विकलेल्या गोष्टींचं काय होतं ते ब्रिटनने पाहिलंय: कर्जं आणि कार्डांसोबत हप्त्यांचा विमा (आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर कर्जाचे हप्ते भरणारा) लाखो लोकांच्या गळ्यात मारला गेला, अनेकांना तो घेतल्याचं माहीतही नव्हतं, आणि शेवटी बँकांना ३,८०० कोटी पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली. भरपाई मागायची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली.

पायरी ७ : घेऊन बसलात, आता काय

घरी आल्यावर कळलं की नको ते घेतलंय, तर त्याच दिवशी कागद काढा आणि “रद्द” हा शब्द कुठे आहे ते शोधा. अनेक योजनांना विचार बदलण्याची मुदत असते. वर सांगितलेल्या ब्रिटनच्या आदेशात दावा केला नसेल तर ४५ दिवसांत पूर्ण पैसे परत मिळतात. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून वेगळी वाट धरली: मुख्य वस्तूसोबतचा विमा लगेच विकताच येत नाही, मध्ये चार दिवस जाऊ द्यावे लागतात. काउंटरवरची घाई काढून घेणं हाच त्यामागचा हेतू.

रद्द करताना लेखी करा. दुकानात तोंडी सांगून आलात तर आठवण तुमची आणि नोंद कोणाचीच नाही. ईमेलमध्ये पावतीचा क्रमांक, तारीख आणि “ही योजना रद्द करून रक्कम परत करावी” एवढंच लिहा. इथेही कारणं नकोत. फुकट महिन्याच्या सदस्यत्वाला त्याच दिवशी रद्द करून टाका. बऱ्याच ठिकाणी महिना तरीही पूर्ण वापरता येतो. जिथे तसं नसेल तिथे संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर लावा.

ऑनलाइन खरेदीत काउंटर दिसत नाही, पण असतो. आधीच बरोबरची खूण केलेले चौकोन शोधून काढा. युरोपीय संघात जून २०१४ पासून अशा खुणेच्या आधारे जादा पैसे घेता येत नाहीत. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. त्यात न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आहे, आणि “नको, मला माझ्या वस्तूची काळजी नाही” अशा छापाची बटणं देऊन लाजवणंही आहे.

समोरच्या माणसाबद्दल

शेवटचं, पण हे वगळून चालणार नाही. काउंटरवरचा पोरगा किंवा पोरगी हे प्रश्न हौसेने विचारत नाही. किती बिलांवर वॉरंटी लागली, किती कार्डं निघाली, याचा तक्ता मागच्या खोलीत लागलेला असतो. टार्गेटचा दाब माणसांना कुठवर नेतो याचं उदाहरण बँकांमध्ये सापडतं: वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेच्या कर्मचाऱ्यांनी टार्गेट गाठायला ग्राहकांच्या नकळत खाती उघडली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून गेले.

त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या माणसावर डाफरून काहीच हलत नाही. त्याच्या हातात प्रश्न गाळणंही नसतं. चिडचिड झाली असेल तर ती जिथे मोजली जाते तिथे पोहोचवा: पावतीवर अभिप्रायाचा दुवा असतो, तिथे लिहा की कर्मचारी चांगला होता, पण एका बिलासाठी इतके प्रश्न विचारले गेले, आणि म्हणून पुढची खरेदी दुसरीकडे करणार आहे. कर्मचाऱ्याचं नाव तक्रारीत घालू नका. अभिप्रायात तारे द्यायचे असतील तर आधी नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी ते तारे दुकानाच्या नव्हे, त्या कर्मचाऱ्याच्या खात्यात जातात.